खुराड्याचं माप आषाढात घ्यावं

मागच्या आठवड्यात वाडीतली एक नवी सून माझ्याकडे आली होती. तिला आठ-दहा कोंबड्या पाळायच्या आहेत. अंगणातूनच तिने विचारलं, "काकी, खुराडो केवडो बांदू?" मी तिला मागीलदारी नेलं, हातात टेप दिला आणि आधी एकच विचारलं. आषाढात सलग आठ दिवस पाऊस धरलेला असताना तुझ्या परसात कोरडी जमीन किती उरते? जेवढी उरेल तिच्या हिशोबाने कोंबड्या आण. लाकूड, जाळी, पत्रा हे सगळं त्यानंतर.

तिला सांगताना मला माझं पहिलं खुराडं आठवत होतं. त्या पावसाळ्यात माझ्या दोन कोंबड्या गेल्या, आणि दोन्ही जागेच्या चुकीने गेल्या. म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

मी मूळची कराडकडची. माहेरी कोंबड्या होत्या, पण त्यांच्यासाठी जागा अशी कुणी मोजली नव्हती. गोठ्याच्या भिंतीत कोनाड्यासारखं खुराडं, तोंडाला फळी, फळीला टेकलेला दगड. दिवस मावळला की आत, तांबडं फुटलं की बाहेर. दिवसभर उकिरडा आणि खळं त्यांचंच. पाऊस आला तरी तासा-दोन तासांत उघडीप. कोंबडी त्या खुराड्यात फक्त झोपायची, म्हणून ते पुरायचं.

देवगड तालुक्यात सासरी आल्यावर बऱ्याच वर्षांनी कोंबड्या पाळायचं ठरवलं, तेव्हा डोळ्यांसमोर तेच होतं. चार फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. चारी बाजूंनी फळ्या, वर पत्रा. जानेवारीत बांधलं आणि आठ कोंबड्या आणल्या. सासूबाईंना आम्ही सगळे आये म्हणतो. आये काठी टेकत मागे आल्या, फळ्यांच्या फटीत बोट घालून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या काय बांधलंस गो? हेच्यात कोंबयो गुदमारतल्यो. कोंबयेक पावस नको, पण वारो होयो."

मे संपेपर्यंत काही बिघडलं नाही. कोंबड्या दिवसभर आंब्याच्या कलमांखाली पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पानं, उकरत असायच्या. मग मृग लागला. आमच्या किनाऱ्याला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माझ्या माहेरी याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पडत नाही. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबड्या दारातून मान बाहेर काढायच्या आणि परत आत जायच्या. दिवसाचे वीस-बावीस तास कोंबड्या त्या पेटीत होत्या.

हिशोब मी नंतर मांडला, तो आधी मांडायला हवा होता. चार गुणिले तीन म्हणजे बारा चौरस फूट. आठ कोंबड्यांत वाटले तर एकीला दीड. एक अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते. आठ जणींची पाऊण किलोच्या वर, रोज, त्याच बारा फुटांत. खाली घातलेलं भाताचं तूस तीन दिवसांत चिखलासारखं झालं. आत डोकं घातलं की डोळे चुरचुरायचे. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो, त्याची ती चुरचुर. आपण डोकं घालून बाहेर काढतो, कोंबडी रात्रभर त्याच उंचीवर नाक ठेवून बसलेली असते.

आधी एकमेकींच्या शेपटीची पिसं उपटणं सुरू झालं. मग एका सकाळी तुसावर रक्त दिसलं. दोन कोंबड्या पिसं फुलवून कोपऱ्यात बसल्या होत्या, दोन दिवसांत दोन्ही गेल्या. पशुवैद्यकांनी विष्ठा बघून कॉक्सिडिओसिस म्हणून सांगितलं, उरलेल्या सहा जणींना पाण्यातून औषध दिलं आणि त्या वाचल्या. हा रोग करणारा सूक्ष्म जीव विष्ठेबरोबर बाहेर पडतो, आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत पुन्हा लागण करण्याजोगा होतो. माझ्या खुराड्यात ओलही होती आणि ऊबही. त्या सहा जणींना मी पावसाळाभर मांगराच्या, म्हणजे शेतीचं सामान ठेवायच्या खोपटाच्या, एका कोपऱ्यात ठेवलं, आणि तिथे बसून वहीत नवं खुराडं काढलं.

नव्या खुराड्यात आधी कोंबड्यांचा आकडा ठरवला, मग लांबी-रुंदी. नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा, दहाच्या वर एकही नाही. आत खोलीत एका पक्ष्याला चार चौरस फूट, म्हणजे चाळीस. म्हणून खोली आठ बाय पाच. तिला लागून छपराखालचं जाळीचं अंगण आठ बाय दहा, म्हणजे एकीला आणखी आठ चौरस फूट. कोरड्या महिन्यांत त्यांना कलमांखाली मोकळं सोडते, ती जागा मी हिशोबात धरतच नाही. पुस्तकातली मापं बघताना बहुतेक जण हे मोकळं अंगण धरतात, आणि आपल्याकडे चार महिने ते अंगण म्हणजे तळं असतं. जाळीच्या अंगणावर छप्पर घालण्याचा खर्च खूप वाटतो हे मला मान्य आहे. पैसे कमी असतील तर कोंबड्या कमी आणाव्यात, छप्पर कमी करू नये.

जोतं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, केलं. कुंपणाचा गडगा दुरुस्त करताना उरलेले चिरे होते, त्यांचे दोन थर. आत कोबा घातला आणि त्याला मागच्या बाजूला उतार दिला, म्हणजे धुतलं की पाणी थांबत नाही. नुसत्या मातीच्या जमिनीत उंदीर बिळं करतात, आणि उंदरांमागून धामण आणि नाग येतात. भिंत खाली दोन फूट चिऱ्याची आणि वर जाळी. नैर्ऋत्येची बाजू मात्र छातीइतकी बंद ठेवली, कारण आमच्याकडे पाऊस समुद्राकडून तिरका येतो. झड आत येऊ नये म्हणून छप्पर भिंतीच्या तीन फूट पुढे काढलं. कोकणातली जुनी घरं बघा, भिंत मातीची असली तरी पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. खुराड्यालाही तेच लागतं. दोन्ही लांब बाजूंना पत्र्याला लागून जाळीची वरची नऊ इंचांची पट्टी मोकळी सोडली आहे. ती कधीच बंद होत नाही, भर पावसातही नाही. उष्ण दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. ती पट्टी झोपलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर आहे, त्यामुळे तिथला वारा थेट अंगावर येत नाही. आये म्हणाल्या होत्या तो वारो हाच.

आता बसायच्या दांड्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका मी इथे होताना बघते.

कोंबडीला रात्री उंचावर बसायचं असतं. तिचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, आणि तो रात्री झाडावर झोपतो. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडाही झाडावरच. आये सांगतात, "आमच्या येळार कोंबयो फणसार निजत. एखाद-दुसरी कांडेचोर न्हेय, बाकीच्यो सकाळी आपसूक खाली." कांडेचोर म्हणजे उदमांजर. माझ्या पहिल्या खुराड्यात दांडाच नव्हता. कोंबड्या तुसावर बसायच्या, म्हणजे आपल्याच घाणीत, आणि पोटाखालची पिसं ओली ती ओलीच.

दांड्यावर एका कोंबडीला आठ ते दहा इंच लागतात. दहा पक्षी म्हणजे शंभर इंच, सव्वाआठ फुटांहून थोडं जास्त. आठ फुटांचा एक दांडा म्हणजे थोडं कमीच. मी आठ-आठ फुटांचे दोन लावले, म्हणजे गरजेच्या जवळजवळ दुप्पट. थंडीत सगळ्या एकाच दांड्यावर एकमेकींना चिकटून बसतात आणि दुसरा रिकामा राहतो, तेव्हा बघणाऱ्याला ती उधळपट्टी वाटते. पण मे महिन्यात, घामाने आपल्याला झोप लागत नाही अशा रात्री, त्या एकमेकींपासून वीतभर लांब सरकून पंख अंगापासून सुटे धरून बसतात. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं आणि पंख सुटे करणं एवढंच तिच्या हातात असतं. तेव्हा ती जादा जागा कामी येते. शिवाय कळपात एक-दोन दबलेल्या असतातच. त्यांना वरचढ कोंबडी टोचून खाली पाडते. दुसरा दांडा असला की त्या बिचाऱ्या तिकडे जातात.

दोन्ही दांडे एकाच उंचीवर, जमिनीपासून तीन फुटांवर आहेत. शिडीसारखे चढते लावले की सगळ्यांना सर्वात वरचा हवा असतो आणि रोज संध्याकाळी भांडण होतं. वर बसलेलीची विष्ठा खालचीवर पडते ते वेगळंच. भिंतीपासून पहिला दांडा सव्वा फुटावर, त्यापासून दुसरा दीड फुटावर. उरलेली सव्वादोन फुटांची पट्टी माझ्या वावरायला. माझ्याकडे गिरिराज जातीच्या तीन कोंबड्या आहेत. अंगाने जड असल्यामुळे त्या तीन फुटांवरून थेट कोब्यावर उडी मारतात तेव्हा तळव्याला इजा होते, पुढे तिथे गाठ धरते. त्यांच्यासाठी दीड फुटावर एक आडवी फळी पायरी म्हणून ठोकली. गावठी कोंबड्या तिच्याकडे बघतही नाहीत, सरळ वर.

दांडा कशाचा हवा? नव्या खुराड्यात आधी मी माणग्याचे बांबू सुंभाने बांधले होते. बांबू गुळगुळीत, पाय घसरायचे, आणि सुंभ सैल झालं की दांडा गोल फिरायचा. मग दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी घेतली, वरच्या कडा सुताराकडून रंध्याने गोल करून घेतल्या. सालासकट ओंडका वापरू नका. सालाखाली बारीक तांबडे किडे दिवसभर लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. दांड्याची टोकं मी भिंतीत पक्की बसवली नाहीत, खाचेत नुसती ठेवली आहेत. महिन्यातून एकदा दांडे काढून बाहेर आपटते आणि टोकांना करंजेल फासते. ते किडे टोकांच्या सांध्यातच दडून बसतात, मधल्या भागात क्वचितच.

दांड्यांखाली पत्र्याचा एक तुकडा तिरका ठेवला आहे. दिवसभराच्या विष्ठेतली बरीचशी रात्री दांड्यावरून पडते. ती रोज सकाळी फावड्याने ओढून खतखड्ड्यात टाकते, वर पातेरा. कच्ची माडाच्या मुळात घालत नाही, कुजल्यावरच घालते. हे पाच मिनिटांचं काम पावसाळ्यात एक दिवसही चुकवत नाही, कारण त्यामुळे खालचं तूस कोरडं राहतं. तूस चार इंच जाड, भाताच्या गिरणीतून आणलेलं. मुठीत दाबलं आणि गोळा झाला की समजायचं, बदलायची वेळ आली.

अंड्यांसाठी हापूसच्या जुन्या लाकडी पेट्या आहेत. देवगडात त्यांना काय तोटा! पेटी आडवी ठेवायची, पुढे चार इंचांची पट्टी ठोकायची म्हणजे अंडं घरंगळत नाही, आत पेंढा. चार-पाच कोंबड्यांना एक पुरते, मी नऊ जणींना तीन ठेवल्या आहेत आणि तरीही तिघी-चौघी एकाच पेटीसाठी रांग लावतात. पेट्या दांड्यापेक्षा खाली हव्यात. वर असल्या तर कोंबड्या रात्री त्यातच जाऊन झोपतात आणि पेंढा घाण करतात. माझ्या दीड फुटावर आहेत, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात.

जाळीचं दुःख किनाऱ्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. षटकोनी भोकांची साधी कोंबडीजाळी खाऱ्या हवेत दोन वर्षांत हाताने तुटते. तशी ती नवी असतानाही कुत्रं किंवा रानमांजर तिला फाडू शकतं, तिचा उपयोग कोंबडी बाहेर न जाण्यापुरता. मी अंगणाच्या खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, वेल्डिंग केलेली, वर प्लास्टिकचा थर असलेली जाळी लावली. महाग पडली. पण मुंगूस भर दुपारी येतो आणि कांडेचोर रात्री, आणि दोघांनाही आपल्याला वाटतं त्याहून लहान भोक पुरतं. जाळी जमिनीत फूटभर पुरावी असं सगळीकडे वाचलं होतं. आमच्याकडे वीतभर खणलं की कातळ लागतो. म्हणून जाळी खाली वळवून बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर पसरली आणि तिच्यावर चिऱ्याचे तुकडे रचले. उकरणारा प्राणी भिंतीच्या कडेलाच उकरायला लागतो आणि त्याच्या नखांखाली जाळी येते. दीड फूट मागे सरून उकरावं हे त्याला सुचत नाही.

छपराबाहेरच्या मोकळ्या तुकड्यावर घार आणि शिक्रा येऊ नयेत म्हणून मच्छीमारांकडून जुनं जाळं आणून वर ताणलं आहे. उन्हापावसात ते चांगलं टिकतं. पण मासेमारीचं जाळं जमिनीपर्यंत सोडू नका. आमच्या शेजारी एक धामण त्यात अडकून मेली. धामण उंदीर खाते, तिला मारायचं काहीच कारण नसतं.

पत्र्याबद्दल एक गोष्ट. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मांगराचे चार पत्रे उडून कलमांत जाऊन पडले. त्यानंतर खुराड्याचे पत्रे खिळ्यांवर सोडले नाहीत, आकड्यांनी वाशांना आवळले आहेत आणि वाशे चिऱ्यातल्या लोखंडी पट्ट्यांना. उन्हाळ्यात पत्र्यावर चुडताचे, म्हणजे माडाच्या पानांचे, झाप टाकते, आतला उकाडा हाताला कळण्याइतका कमी होतो. मृगाआधी झाप काढून घेते, नाहीतर त्यांच्याखाली पाणी साचून पत्रा सडतो. कौलं मला जास्त आवडली असती, पण वानरं ठेवत नाहीत.

आणि जाळीच्या अंगणात काय असावं, तर पातेरा. मार्च-एप्रिलमध्ये कलमांखालचा वाळका पातेरा गोणींत भरून मांगरात रचते, पंधरा-वीस गोणी. पावसाळ्यात दर आठवड्याला एक गोणी अंगणात ओतली की कोंबड्या दिवसभर उकरत बसतात आणि एकमेकींची पिसं उपटत नाहीत. बुरशी धरलेली गोणी मात्र टाकून देते, ती बुरशी त्यांच्या फुप्फुसात जाते. कोपऱ्यात एका फुटक्या घमेल्यात चाळलेली कोरडी माती आणि चुलीची राख. कोंबडी धुळीत लोळून पिसांतल्या उवा-पिसवा काढते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोरडी धूळ कुठे मिळते? ती मेमध्येच साठवावी लागते. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, यादीत मिरची-मसाला, लाकडं, सुकट यांच्याबरोबर आता माझ्याकडे 'कोंबड्यांची माती, दोन गोणी' असं लिहिलेलं असतं. शेजारच्या डब्यात तिसऱ्या या खायच्या शिंपल्यांची कवचं कुटून ठेवते, अंड्याच्या कवचासाठी.

संध्याकाळी डासांसाठी सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, धूर करायची पद्धत आहे. खुराड्यात मी धूर करत नाही, कोंबडीचं श्वसन फार नाजूक असतं. डासांमुळे देवीचा रोग पसरतो हे खरं, म्हणून पावसाळ्यात वरच्या पट्टीला मच्छरदाणीचं कापड लावते आणि लस वेळेवर टोचून घेते.

सगळं बोलून झाल्यावर त्या मुलीने मोजून बघितलं. तिच्या घराच्या मागच्या पाख्याखाली आठ बाय सहाची कोरडी जागा आहे, तिथे आधी लाकडं असायची. म्हणजे अठ्ठेचाळीस चौरस फूट. आत चार आणि छपराखाली आठ धरले तर एकीला बारा, म्हणजे चार कोंबड्या. तिचं तोंड उतरलं, तिला दहा हव्या होत्या. मी म्हटलं, बाये, यंदा चारच आण, आणि दिवाळीनंतर पाखं पुढे वाढवता आलं तर आणखी. खुडूक बसलेली कोंबडी आणि तिची पिल्लं ठेवायला एक डालगं मावेल एवढी जागा मात्र आत्ताच सोड, ती मागाहून सापडत नाही.

ती गेल्यावर मी माझ्याच खुराड्याची जाळी नखाने खरवडून बघितली. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, समुद्राकडचं वारं जिथे लागतं तिथे, प्लास्टिक सुटून आत तांब सुरू झाली आहे. मृगाला अजून अठरा दिवस आहेत. उद्या बाजाराला जाऊन सहा फूट जाळी आणायची आहे.